विजेचा शेजारधर्म

पाच मायक्रोअँपिअर म्हणजे फार थोडी वीज. टीव्हीच्या खालच्या कडेला मिणमिणणारा लाल दिवा साधारण पाच मिलिअँपिअर घेतो असं धरलं, तर त्याच्या हजाराव्या भागाएवढी. एवढ्या विजेने दिवा लागत नाही, मोटर हलत नाही, बोटाला झिणझिणी येत नाही. पण हीच वीज एक मीटर लांबीच्या वायरमध्ये सेकंदाला पाच कोटी वेळा, म्हणजे ५० मेगाहर्ट्झने, पुढे-मागे झुलू लागली की ती वायर अँटेना होते. तीन मीटर अंतरावर मोजलं तर मीटरला सुमारे १०० मायक्रोव्होल्टचं विद्युतक्षेत्र भरतं. घरगुती वापराच्या डिजिटल वस्तूंसाठी अमेरिकेच्या नियमात या पट्ट्यातली मर्यादा एवढीच आहे. त्यावर गेलात की वस्तू बाजारात जात नाही.

हा हिशेब मला पाठ झाला तो एका रात्री, चाचणीच्या चेंबरबाहेर बसून. आमचा बोर्ड तळहाताएवढा होता. ठिबक सिंचनाचा पंप मातीच्या ओलाव्याप्रमाणे चालू-बंद करणारा नियंत्रक. दोन लेयरचा साधा बोर्ड, त्यातून निघून ओलाव्याच्या सेन्सरकडे जाणारी एक मीटर केबल. शेतात तीन महिने तो बिनतक्रार चालला होता. चेंबरमध्ये मात्र ७२ मेगाहर्ट्झवर एक टोकदार सुळका उभा राहिला. तीच शंभर मायक्रोव्होल्टची मर्यादा डेसिबलमध्ये ४०, आमचा आकडा ५२. बारा डेसिबल जास्त म्हणजे क्षेत्र चौपट.

लॅबमधले तंत्रज्ञ वयाने मोठे होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, केबल काढून बघू या का एकदा?" केबल काढली. सुळका भुईसपाट झाला. काका म्हणाले, "अँटेना सापडली. आता तिला कोण ढकलतंय ते तुम्ही शोधा."

त्या शोधाबद्दल हा लेख आहे. इलेक्ट्रॉनिक बोर्डातून बाहेर सांडणारा विजेचा गोंगाट कसा मोजतात, तो कुठून येतो, आणि कागदावर रेषा ओढतानाच तो कसा आवरता येतो. हा विषय आजवर अभियंत्यांच्या खोलीतच राहिला. पण ज्या घरात आज मोबाइल, राउटर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी आणि चार्जर एकाच भिंतीला टेकून बसले आहेत, त्या घराचा तो प्रश्न आहे.

रेडिओची तक्रार

आमच्या घरी रेडिओ होता तेव्हा सकाळी पुणे केंद्र लागायचं, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला. आईने चटणी वाटायला मिक्सर लावला की बातम्या खरखरीत बुडून जायच्या. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या कॉम्युटेटरवर घासतात आणि प्रत्येक कप्पा सोडताना बारीक ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे एका क्षणात तुटलेला प्रवाह. ज्या गोष्टीत बदल इतका झटकन होतो, ती एका फ्रिक्वेन्सीवर न बोलता एकाच वेळी शेकडो फ्रिक्वेन्सींवर बोलते. आमच्या रेडिओने ऐकलेली खरखर हा त्या बोलण्याचा एक तुकडा होता.

रेडिओ घराघरात शिरला तेव्हा ही तक्रार साऱ्या जगात एकदमच सुरू झाली. ट्राम, लिफ्ट, दवाखान्यातली यंत्रं, मोटारीचे स्पार्क प्लग, सगळेच दोषी. शेजारच्या देशातून आलेलं यंत्र आपला रेडिओ बिघडवत असेल तर कायदा कुणाचा, हा प्रश्न आला. म्हणून १९३३ साली पॅरिसमध्ये देशोदेशीचे तज्ज्ञ जमले आणि त्यातून 'सिस्प्र' ही आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या गोंगाटाच्या मर्यादा आणि तो मोजण्याच्या पद्धती आजही हीच समिती ठरवते. आपल्याकडच्या चाचण्यांची मुळंही तिथपर्यंत जातात.

त्या काळात ठरलेलं एक मोजमाप मला फार आवडतं. त्याला क्वासी-पीक म्हणतात. गोंगाटाची उंची किती, एवढंच ते पाहत नाही. तो किती वेळा होतो, तेही पाहतं. मिनिटाला एकदा 'टक्' झालं तर बातम्या ऐकणारा माणूस दुर्लक्ष करतो. तेच सेकंदाला शंभर वेळा झालं तर तो रेडिओ बंद करतो. म्हणून या मोजणीतला मीटर झटकन चढतो आणि हळूहळू उतरतो. वारंवार येणारे ठोके त्यात साठत जातात, एकटादुकटा ठोका विरून जातो. माणसाच्या त्राग्याचं माप यंत्रात बसवलं गेलं. नव्वद वर्षं होत आली तरी प्रत्येक चेंबरमध्ये ते वापरात आहे.

मग संगणक आला आणि ठिणगीशिवाय गोंगाट करणारी यंत्रं घरात आली. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या सभेत स्टीव्ह डॉम्पियर यांनी 'अल्टेअर ८८००' हा संगणक मांडला. त्याला ना पडदा होता ना स्पीकर. त्यांनी शेजारी एक छोटा रेडिओ ठेवला आणि संगणकाच्या आतल्या विजेचा गोंगाट असा बांधून घेतला, की त्या रेडिओतून बीटल्सच्या गाण्याची चाल वाजू लागली. सभेने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमागचा अर्थ मात्र गंभीर होता. संगणक न मागता रेडिओ-प्रक्षेपण करतो, हे सर्वांसमोर सिद्ध झालं होतं.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने संगणकीय उपकरणांसाठी मर्यादा घातल्या. 'टीआरएस-८०' हा तेव्हाचा अतिशय खपाचा घरगुती संगणक. त्याचं पहिलं मॉडेल या मर्यादांत बसेना, आणि १९८१ च्या सुरुवातीला कंपनीने अमेरिकेत त्याचं उत्पादन थांबवलं. युरोपने १ जानेवारी १९९६ पासून असा नियम सक्तीचा केला. भारतात वाहनांसाठी एआयएस-००४ या मानकाचा तिसरा भाग आहे, दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या प्रमाणीकरणातही ही चाचणी असते. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत मोटारी आणि त्यांचे भाग यासाठी तपासले जातात, आणि मुंबईत मूळ धरलेल्या 'समीर' या संस्थेने या शास्त्रात अनेक वर्षं काम केलं आहे.

चेंबरच्या आत

चेंबर म्हणजे पूर्ण धातूने मढवलेली खोली. दार जाड, आणि त्याच्या चारही कडांना तांब्याच्या मिश्रधातूच्या लवचिक पट्ट्या, बोटांच्या ओळीसारख्या. दार लागलं की त्या चौकटीला घट्ट टेकतात आणि फटीतून बाहेरचं एफएम केंद्र आत येत नाही. भिंतींवर आणि छतावर कार्बन मिसळलेल्या फोमचे निमुळते सुळके, त्यांच्या मागे फेराइटच्या काळ्या फरशा. लाटा त्यांच्यात शिरतात आणि उष्णता होऊन जिरतात. आत बोललं तर स्वतःचा आवाजही कोरडा वाटतो.

मध्यभागी फिरती तबकडी, तिच्यावर ८० सेंटिमीटर उंचीचं धातू नसलेलं टेबल, टेबलावर आपला बोर्ड. तीन किंवा दहा मीटरवर अँटेना. तबकडी पूर्ण फिरते, कारण गोंगाट सगळ्या दिशांना सारखा जात नाही. अँटेना एक मीटरपासून चार मीटरपर्यंत वर-खाली होते, कारण जमीन धातूची आहे. बोर्डाकडून थेट आलेली लाट आणि जमिनीवर आपटून आलेली लाट एका उंचीवर एकमेकींना मारतात, दुसऱ्या उंचीवर जोडून दुप्पट होतात. मोजणी प्रामाणिक हवी तर सगळ्यात वाईट उंची शोधलीच पाहिजे. मग अँटेना आडवी, मग उभी. ३० मेगाहर्ट्झ ते एक गिगाहर्ट्झ हा मुख्य पट्टा हवेतून मोजतात. त्याखाली १५० किलोहर्ट्झपर्यंतचा गोंगाट वीजपुरवठ्याच्या वायरीतून बाहेर पडतो, तो वायरीवरच मोजतात. इतक्या लांब लाटेसाठी घरातल्या उपकरणाला विजेच्या तारेएवढी सोयीची अँटेना दुसरी नसते.

पडद्यावर दोन जातींचे गोंगाट ओळखू येतात. रुंद, फुगीर टेकाड दिसलं तर बहुधा वीज बदलणारा भाग, म्हणजे स्विचिंग सप्लाय किंवा मोटर. समान अंतरावर कंगव्याच्या दातांसारखे सुळके दिसले तर घड्याळी सिग्नल, म्हणजे चिपला ताल देणारा क्लॉक. आमच्या पडद्यावर कंगवा होता. ७२, १२०, १६८. चौकोनी आकाराच्या सिग्नलमध्ये मूळ फ्रिक्वेन्सीच्या विषम पटी जोरकस असतात. बोर्डावर मुख्य चिपकडून मेमरीकडे जाणारा २४ मेगाहर्ट्झचा घड्याळी सिग्नल होता. ७२ ही त्याची तिसरी पट. आणि ७२ मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या जरा खाली, तिचा पाव भाग जवळजवळ एक मीटर. आमची केबल नेमकी तेवढीच. पाव लाटेएवढी तार ही नैसर्गिक अँटेना असते.

गुन्हेगार आणि त्याचं हत्यार, दोन्ही समोर होते. फक्त घड्याळाची वीज केबलमध्ये गेली कशी, हे कळत नव्हतं. घड्याळाची रेषा केबलच्या कनेक्टरपासून चार बोटं दूर होती. दोघींचा संबंधच नव्हता.

परतीची वाट

शाळेत आपण शिकतो की वीज वर्तुळात वाहते. गेलेली वीज परत यायलाच हवी. बोर्डाची रचना करताना मात्र आपलं सगळं लक्ष जाणाऱ्या रेषेवर असतं. ती पडद्यावर रंगीत दिसते, तिला नाव असतं. परतणारी वीज 'ग्राउंड' नावाच्या तांब्याच्या पसाऱ्यातून येईल, असं गृहीत धरलं जातं आणि विषय संपतो. बोर्डांचा बराचसा गोंगाट या गृहीतकात जन्मतो.

सावकाश बदलणारी वीज परतताना कमीत कमी रोधाची वाट धरते, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर हवी तशी पसरते. पण बदलाचा वेग काहीशे किलोहर्ट्झच्या वर गेला की तिचा स्वभाव पालटतो. ती मग गेलेल्या रेषेच्या बरोबर खालून, सावलीसारखी परत येते, कारण त्यामुळे जाणं-येणं मिळून होणारा वेढा सगळ्यात लहान राहतो. वेढा लहान म्हणजे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा अडथळा, कमी. तिला कुणी सांगावं लागत नाही. वाट अखंड असेल तर ती हे आपोआप करते.

आता त्या वाटेत चीर आडवी आली तर? शेताच्या बांधावरून सरळ घरी येणाऱ्या माणसापुढे कालवा आडवा आला, तर तो पुलापर्यंत वळसा घालून येतो. वीजही तेच करते. चिरेच्या टोकाला वळसा घालते, वेढा पसरतो, आणि चिरेच्या दोन काठांमध्ये एक लहानसा व्होल्टेज उभा राहतो. ग्राउंडच्या एका काठाला केबल जोडलेली असेल, तर हा व्होल्टेज ती केबल दुसऱ्या काठाच्या विरुद्ध हलवू लागतो. पिंपाच्या तळाला बारीक धक्का बसला तरी काठावरचं पाणी हिंदकळतं, तसं. काका म्हणाले होते 'तिला कोण ढकलतंय', ते हेच.

या दोन गोंगाटांच्या ताकदीतला फरक विलक्षण आहे. चार चौरस सेंटिमीटरच्या वेढ्यातून ५० मेगाहर्ट्झची वीज फिरत असेल, तर सुरुवातीला सांगितलेली मर्यादा ओलांडायला सुमारे ११ मिलिअँपिअर लागतात. एक मीटर केबलवर एकाच दिशेने हिंदकळणाऱ्या विजेला पाच मायक्रोअँपिअर पुरतात. दोन हजारपटींहून जास्त फरक. म्हणून अनुभवी माणूस बोर्ड हातात घेतला की आधी केबली कुठून निघतात ते पाहतो.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. आमचं घड्याळ तर २४ मेगाहर्ट्झचंच आहे, मग शेकडो मेगाहर्ट्झची काळजी कशाला, असं अनेकजण म्हणतात. गोंगाट ठरतो तो सिग्नल किती वेळा बदलतो यावर कमी, आणि बदलताना किती झटकन चढतो यावर जास्त. चढायला एक नॅनोसेकंद लागत असेल तर त्यात ३०० मेगाहर्ट्झच्या पुढपर्यंतचा जोर असतो. घड्याळ सेकंदाला एकदाच वाजलं तरीही. चिप बनवणारे दर काही वर्षांनी तीच चिप अधिक बारीक तंत्राने बनवतात. नाव तेच राहतं, कडा आणखी तीव्र होतात. कालपर्यंत पास होणारा बोर्ड मग एक रेषाही न बदलता नापास होतो.

टेबलावरचा तपास

चेंबरचं भाडं तासावर असतं. तिथे बसून प्रयोग करणं छोट्या उद्योगाला परवडत नाही. खरा तपास आपल्या टेबलावरच व्हायला हवा, आणि तो होऊ शकतो. एके काळी स्पेक्ट्रम ॲनालायझर ही मोठ्या प्रयोगशाळेची मिरासदारी होती. आज हातात मावणारे ॲनालायझर विद्यार्थ्यालाही घेता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारीक कोॲक्स केबलचा तुकडा घेतला, त्याचं टोक नखाएवढ्या वर्तुळात वळवलं, आतली तार बाहेरच्या जाळीला डाख दिली आणि वर्तुळाच्या माथ्यावर जाळीत एक बारीक फट ठेवली. झालं चुंबकीय क्षेत्र हुंगणारं नाक. ते ॲनालायझरला जोडून बोर्डावरून मिलिमीटर-मिलिमीटर फिरवलं. वर्तुळ रेषेच्या दिशेत उभं धरलं की आकडा चढतो, आडवं वळवलं की पडतो. म्हणजे नुसता गोंगाट कुठे आहे एवढंच कळत नाही, वीज कुठल्या दिशेने वाहते तेही कळतं.

घड्याळाच्या रेषेवर ७२ मेगाहर्ट्झ जोरात होता, ते अपेक्षित होतं. पण रेषेपासून दोन सेंटिमीटर बाजूला, जिथे वरच्या थरावर काहीही नव्हतं, तिथेही तो तेवढाच जोरात होता. बोर्ड उलटा केला. खालच्या थरावरच्या ग्राउंडमध्ये चार सेंटिमीटरची सरळ चीर होती. वीजपुरवठ्याची एक रेषा वर जागा मिळाली नाही म्हणून मीच खालून नेली होती, आणि ग्राउंड तिला दोन्ही बाजूंनी जागा देत बाजूला सरकलं होतं. घड्याळाची रेषा वरून त्या चिरेच्या मधोमध ओलांडत होती. परतणारी वीज चिरेच्या टोकाला वळसा घालत होती. पलीकडच्या काठावर केबलचा कनेक्टर होता.

केबलभोवती फेराइटचा क्लँप बसवला, त्यात एक वेढा वायर घालून ॲनालायझरला जोडली, आणि केबलवरची हिंदकळणारी वीज सतत दिसू लागली. ७२ मेगाहर्ट्झला पास होण्याची मर्यादा ढोबळ सूत्राने सव्वातीन मायक्रोअँपिअर पडते. आमची त्याच्या चौपट असणार, हे चेंबरने सांगितलंच होतं.

मग तांब्याची चिकटपट्टी घेतली. वीजपुरवठ्याच्या रेषेवर आधी निरोधक पट्टी लावली, वरून तांब्याचा तुकडा घड्याळाच्या रेषेच्या बरोबर खाली चिरेवर आडवा टाकला आणि दोन्ही काठांना डाख दिली. कालव्यावर पूल झाला. पडद्यावरचा सुळका माझ्या डोळ्यांदेखत दहा डेसिबल खाली बसला. घड्याळ जिथून निघतं तिथे ३३ ओहमचा रेझिस्टर लावल्यावर कडा जरा मऊ झाल्या आणि आणखी पाच डेसिबल गेले. दोन रुपयांचाही ऐवज नाही. पुढच्या आवृत्तीत बोर्ड चार लेयरचा केला, ग्राउंडचा एक लेयर पूर्ण, अखंड ठेवला. चेंबरमध्ये ७२ मेगाहर्ट्झचा आकडा ३१ आला. काकांनी केबल पुन्हा दोन वेळा हलवून पाहिली आणि मान डोलावली.

रेषा ओढण्याआधी

दोन लेयरच्या बोर्डात वरची रेषा आणि खालचं ग्राउंड यांत साधारण १.६ मिलिमीटर अंतर असतं. चार लेयरच्या बोर्डात ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास आणता येतं. जाण्या-येण्याचा वेढा एका झटक्यात आठपट अरुंद. चार लेयरचा बोर्ड महाग पडतो हे खरं. पण नापास झाल्यावर लागणारे फेराइटचे क्लँप, धातूचं आवरण, नव्याने मागवलेले बोर्ड, पुन्हा चेंबरची तारीख, आणि हंगाम हुकल्यावर परत गेलेला माल यांची बेरीज कुणी मांडली, तर तो महागपणा उरत नाही.

दुसरी गोष्ट डिकपलिंग कपॅसिटरची. चिप वीज सलग पीत नाही, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला घोट घेते. प्रत्येक घोट दूरच्या सप्लायहून यायचा तर तेवढ्या वाटेभर गोंगाट होणार. विहीर लांब असली म्हणून स्वयंपाकघरात भरलेला हंडा ठेवतात, तसा चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवतात. पण हंडा अंगणात ठेवून उपयोग नाही. बारीक रेषेचा एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक नॅनोहेन्री. कपॅसिटर दहा मिलिमीटर दूर बसवला तर १०० मेगाहर्ट्झला मध्ये सहा ओहमची आडकाठी उभी राहते, आणि हंडा भरलेला असूनही चिप तहानलेली राहते.

स्विचिंग सप्लायमध्ये हाच नियम आणखी कडक होतो. तिथे अँपिअरभर वीज काही नॅनोसेकंदांत एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर ढकलली जाते. स्विच, डायोड आणि इनपुटचा कपॅसिटर यांचा वेढा बोटाच्या नखाएवढा ठेवला तर तो शांत राहतो. सुबक दिसावं म्हणून कपॅसिटर एका ओळीत लावले आणि वेढा पसरला, तर पुढे कितीही फिल्टर लावले तरी तो ओरडत राहतो. विजेवर चालणाऱ्या दुचाकी-चारचाकीत आता सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत. ते झटकन चालतात म्हणून उष्णता कमी होते आणि बॅटरी जास्त अंतर देते. पण झटकन म्हणजे तीव्र कडा, आणि तीव्र कडा म्हणजे गोंगाट. वाचलेली ऊर्जा आणि वाढलेला गोंगाट यांचा मेळ घालणं हे आजच्या रचनाकाराचं सगळ्यात कठीण काम आहे.

खोडदचं आकाश

पुण्याहून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद आहे. तिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली तेव्हा एक मोठं कारण होतं तिथली शांतता. माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी, आणि भोवती डोंगरांची आड.

या दुर्बिणींच्या जगात ताकद जान्स्की या एककात मोजतात. कार्ल जान्स्की हे बेल प्रयोगशाळेतले अभियंते. समुद्रापलीकडे जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये येणारी खरखर कुठून येते, ते शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. जवळची वादळं आणि दूरची वादळं वेगळी काढल्यावर एक सलग सुस्कारा उरला, आणि तो रोज २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होता. ताऱ्यांचा दिवस तेवढाच असतो. १९३३ साली त्यांनी जगाला सांगितलं की हा आवाज आकाशगंगेतून येतो. ज्या वर्षी पॅरिसमध्ये माणसाचा गोंगाट आवरण्याची चर्चा सुरू झाली, त्याच वर्षी गोंगाटाचा माग काढणाऱ्या एका अभियंत्याने रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घातला.

आता एक हिशेब करू. आंतरराष्ट्रीय नियमात घरगुती उपकरणाला दहा मीटरवर ३० डेसिबलची, म्हणजे मीटरला सुमारे ३२ मायक्रोव्होल्टची मुभा आहे. नियमाच्या काठावर रीतसर पास झालेलं असं उपकरण दुर्बिणीपासून एक किलोमीटरवर, मध्ये काहीही आड नसताना ठेवलं, तर तिथे त्याची ताकद भरते साधारण दोन लाख जान्स्की. खोडदचे खगोलशास्त्रज्ञ ज्या दीर्घिका पाहतात त्यांच्या संकेतांची मोजणी जान्स्कीच्या हजाराव्या भागात आणि त्याहूनही खाली चालते. दुर्बीण आकाशाकडे तोंड करून असते, डोंगर आड येतात, म्हणून काम चालतं. तरी तिथल्या लोकांना परिसरातल्या वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांपासून स्वतःच्याच संगणकांपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवावी लागते.

हा हिशेब केल्यापासून 'पास' या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. पास होण्याच्या काही युक्त्या आहेत. घड्याळाची फ्रिक्वेन्सी मुद्दाम किंचित डुलवत ठेवली की सुळक्याची उंची कमी होते, कारण तोच गोंगाट शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो. मीटर समाधानी होतो. पण गोंगाट कमी झालेला नसतो, तो वाटला गेलेला असतो. आमच्या चिरेवर तांब्याचा पूल टाकला तेव्हा गोंगाट पसरला नाही, उगमापाशीच थांबला. मीटरला चुकवणं आणि शांत असणं यातला हा फरक प्रत्येक रचनाकाराने मनाशी पक्का करायला हवा.

आपल्या वाडवडिलांनी शेजारधर्म कायद्याच्या पुस्तकातून शिकला नव्हता. आपल्या घरचा धूर शेजारच्याच्या खिडकीत जाऊ नये, एवढी समज त्यांना पुरत होती. मर्यादेच्या रेषा ही त्या धर्माची खालची पायरी आहे, वरची नाही. विजेलाही घरी परतायचंच असतं. तिला जवळची, अखंड वाट दिली तर ती मुकाट परतते. नाही दिली तर ती शेजाऱ्याच्या अंगणातून जाते.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. बोर्ड छापायला पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापा. प्रत्येक वेगवान रेषेवर बोट ठेवा आणि तिची वीज कुठून परतते ते दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवा. दुसरं बोट जिथे अडखळेल तिथेच चेंबरमधला सुळका आहे. आधी परतीची वाट आखा, मग रेषा ओढा.